खाऊच्या बॅगेशिवाय ओमान

अमेरिकेत, अटलांटाजवळच्या अल्फारेटातल्या मराठी मंडळींत देवदत्त निरगुडकरांच्या सहलीला न गेलेला निवृत्त माणूस शोधून सापडायचा नाही. आणि सापडलाच, तर तो स्वतःहून सांगेल की गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून राहिलं, नाहीतर नाव दिलेलं होतं. देवदत्तकाकांनी उभं आयुष्य जॉर्जियातले रस्ते आखण्यात घालवलं. रिटायर झाल्यावरही आखायची खोड जाईना, तेव्हा ते माणसांच्या सहली आखायला लागले. दर वर्षी एक देश, तोही हौसेखातर, आणि शाळेच्या हेडमास्तरांना शोभेल अशा शिस्तीत.

पण खरं सांगायचं तर लोक देवदत्तकाकांसाठी यायचे नाहीत. लोक यायचे ते खाऊच्या बॅगेसाठी.

ही बॅग म्हणजे एक जुनी, दांडगी, मरून रंगाची सूटकेस. ओळखू यावी म्हणून तिच्या मुठीला पिवळी रिबन बांधलेली. आत बेसनाचे लाडू, चिवडा, थालीपिठाची भाजणी, दोन-दोन पिशव्यांत गुंडाळलेलं लिंबाचं लोणचं, आणि तळाशी टॉवेलात झोपवलेला छोटा राइस कुकर. हॉटेल कुठल्याही देशातलं असो, सकाळ झाली की मंडळी आपापली वाटी-चमचा घेऊन निरगुडकरांच्या खोलीत हजर. उपमा खायचा, चहा घ्यायचा आणि मग बसमध्ये चढायचं. संध्याकाळी परत आलं की गरम वरण-भात तयार. "आधी पोटोबा, मग विठोबा," असं देवदत्तकाका दर सहलीत एकदा म्हणायचे आणि सगळे दर वेळी हसायचे. पोटोबाची पूजा कोण करतंय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

ती करत होत्या आसावरीकाकू, म्हणजे देवदत्तकाकांच्या पत्नी. बाई मूळच्या मिरजेच्या. अटलांटातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू ओळखण्यात त्यांची हयात गेली. बोलणं कमी आणि नजर तीक्ष्ण. सूक्ष्मदर्शकातून जे इतरांना दिसायचं नाही ते त्यांना दिसायचं. अशा बाईला जग दाखवायला नेलं आणि हॉटेलच्या खोलीत कोंडलं. कोंडलं हा शब्द त्यांना तेव्हा आवडला नसता, कारण त्यांनाही त्या बॅगेचा अभिमान होताच. अथेन्सला सगळे टेकडीवरची देवळं पाहायला गेले, तेव्हा काकू खिचडीच्या फोडणीचा धूर अलार्मपर्यंत पोचू नये म्हणून बाथरूमचा पंखा लावून, दाराच्या फटीत टॉवेल कोंबून उभ्या होत्या. कैरोत त्यांनी पिरॅमिड बसच्या काचेतून पाहिले, तेही डुलक्या काढत, कारण उपम्यासाठी सगळ्यांच्या आधी उठलेल्या. कुठल्याही देशाचं नाव काढा, काकूंना आधी तिथला प्लग आठवायचा. दोन पिनांचा की तीन, आणि कुकरला चालला की नाही.

हे असंच चालू राहिलं असतं, पण मध्ये तुर्कस्तानचा स्लाइड शो आला.

सहलीहून आलं की लायब्ररीच्या हॉलमध्ये फोटो दाखवायचे, असा मंडळाचा रिवाज. दिवे मालवलेले, पडद्यावर एकामागून एक चित्रं. एक घुमट आला. निळ्या फरशांची अशी नक्षी, की नजर वर वर जातच राहावी. काकूंच्या तोंडून आपसूक निघालं, "अय्या, किती सुंदर! हे कुठलं गं?"

शेजारी त्यांची जुनी मैत्रीण उत्तरा बसली होती. ती म्हणाली, "अगं आसावरी, इस्तंबूल! आपणच गेलो होतो की!"

सगळा हॉल हसला. मागून चंद्रशेखरकाकांचा आवाज आला, "वहिनी, त्या दिवशी गुढीपाडवा होता. तुम्ही रूमवर शिरा करत होतात. काय झाला होता शिरा! मशीद विसरेन, शिरा नाही विसरणार." चंद्रशेखर हे निवृत्त भूलतज्ज्ञ, म्हणजे हयातभर लोकांना झोपवलेलं, आणि स्वतःला मधुमेह असूनही गोडाच्या बाबतीत कायम जागे.

काकूही हसल्या. पण घरी येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाल्या, "अहो, मी इस्तंबूलला गेले होते का?"

"म्हणजे काय? पासपोर्टवर शिक्का आहे तुझ्या."

काकूंना खूप वाईट वाटत होतं, आणि कुणाचा राग करावा ते कळत नव्हतं. सत्तरी आली होती. जिने उतरताना गुडघे बोलायला लागले होते. आता आणखी किती देश वाट्याला येणार? एक तरी देश आपल्या डोळ्यांनी, पोटभर पाहायचा, एवढं त्यांनी त्या सिग्नलवर ठरवून टाकलं.

त्या वर्षी देवदत्तकाकांनी ओमान काढलं. काकूंनी सरळ मार्गानं सुरुवात केली. "या वेळी खाऊची बॅग नको."

"वेड लागलंय का तुला? चंद्रशेखरला शुगर आहे. उत्तराला बाहेरचं सूट होत नाही. आणि त्या वाळवंटात खायचं काय? उंट?"

"मिळेल काहीतरी. माणसं राहतातच ना तिथे?"

"अगं, लोक येतात ते तुझ्या हातच्या जेवणासाठी!"

"मग त्यांना आपल्या डायनिंग टेबलावरच बोलवा की. एवढं विमान कशाला हवं?"

"तू ना, उगाच इश्यू करतेस," असं म्हणून काका लॅपटॉपकडे वळले. त्यांच्या लेखी विषय संपला. काकूही पुढे काही बोलल्या नाहीत. रस्त्यातला खड्डा देवदत्तकाकांना लांबूनच दिसायचा, पण बायको इतक्या सहजासहजी गप्प बसली यात काही खड्डा असेल, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

घराच्या बेसमेंटमध्ये फॅमिली रूमचे जुने पडदे दान करायचे म्हणून पडले होते. चांगले जाडजूड, हिरव्या वेलबुट्टीचे. काकूंनी ते एकेक करून मरून बॅगेत भरले, वजनकाट्यावर बॅग ठेवली, नेहमीपेक्षा हलकी वाटली तेव्हा त्यात बाथरूमचा पडदाही घातला आणि पिवळी रिबन नवी बांधली. निघायच्या दिवशी अटलांटाच्या विमानतळावर देवदत्तकाकांनी बॅग स्वतः उचलली आणि खूश होऊन म्हणाले, "या वेळी लाडू जास्त केलेस वाटतं!"

"बघा आता," काकू म्हणाल्या.

मस्कतला पहिल्या संध्याकाळी मंडळी वाट्या घेऊन खोलीत जमली. प्रवासानं सगळे भुकेजलेले. काकांनी बॅगेची चेन ओढली आणि झाकण उघडलं. हिरवी वेलबुट्टी सगळ्यांकडे पाहत होती. चंद्रशेखरकाकांना वाटलं, पडदा वरून झाकायला घेतला असेल. त्यांनी मोठ्या आशेनं खाली हात घातला. खाली आणखी पडदे होते. त्यांनी तळापर्यंत जाऊन पाहिलं, तर हाताला बाथरूमच्या पडद्याच्या कड्या लागल्या.

"वहिनी," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "चिवडा कुठे आहे?"

"अल्फारेटात. पँट्रीत, दुसऱ्या फळीवर."

"राहिला चुकून?"

"चुकून नाही राहिला, भाऊजी. मी आणला नाही. मला ओमान बघायचंय." एवढं बोलून काकूंनी पर्स खांद्याला लावली.

देवदत्तकाकांचा चेहरा लाल झाला. चारचौघांत बायकोनं आपलं हसं केलं, हे त्यांना झोंबलं. उत्तरा मात्र वाटी पर्समध्ये टाकत म्हणाली, "चला, खाली जाऊन बघू तरी. उपाशी मरायची वेळ आलीच तर पडदे आहेत."

आणि खाली काय? हॉटेलच्या कोपऱ्यावरच एका मल्याळी माणसाची खानावळ. पुढे उडपी. पलीकडे गुजराती थाळी. त्या भागात चार पावलं चाललं की कुठून तरी सांबाराचा वास येतोच. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो वळसा ही मंडळी बॅग डोक्यावर घेऊन सगळ्या जगाला घालत आली होती. चंद्रशेखरकाकांनी डोशावर डोसा मागवला, वाढप्यानं न मागता ताक आणून ठेवलं, आणि उत्तराला बाहेरचं इतकं सूट झालं की तिनं पार्सलसुद्धा घेतलं. सगळ्यांचा राग ताकाबरोबर उतरला. देवदत्तकाकांचा तेवढा उतरला नाही. ते मूग गिळून बसले. त्यानंतर त्यांना बायकोला काही सांगायचं असलं की ते उत्तरामार्फत सांगायचे. "उत्तरा, त्यांना सांग, बस वेळेवर सुटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी मशीद पाहायची होती. काकूंनी लांब बाह्यांचा कुर्ता घातला, ओढणी डोक्यावरून घट्ट घेतली. पांढऱ्या आणि फिकट गुलाबी दगडाचं एवढं मोठं अंगण त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर डुलकीत. फरशी इतकी स्वच्छ की चपला काढायच्या आधीच पाय संकोचावेत. आतल्या दालनात भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच अखंड गालिचा, आणि वर झुंबर असं की त्याच्याखाली उभं राहिल्यावर माणूस आपोआप हळू बोलतो.

त्यांचा गाईड सालिम हिंदी छान बोलायचा. मस्कतमधल्या कितीतरी लोकांसारखा तोही ती भारतीय लोकांतच राहून शिकला होता. तो म्हणाला, "मॅडम, ये कालीन इराण की औरतों ने हाथ से बुना है. सैकड़ों औरतें, चार साल. एक-एक गाँठ हाथ से."

झालं, काकू तिथेच थांबल्या. त्यांच्यातली लॅबवाली जागी झाली. पाहुण्यांसाठी आखलेल्या पट्टीच्या कडेला त्या वाकून उभ्या राहिल्या आणि एकेक गाठ न्याहाळायला लागल्या. एका फुलाच्या पाकळीत रंगाची किती वळणं होती! फिकट लालातून जरा गडद, मग त्याला लागून मातकट, आणि लांबून पाहिलं की ते सगळं मिळून नुसतं एक फूल. त्या बायकांना चार वर्षं चहा कोण करून देत असेल, हाही विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. मग त्यांनी मान वर केली. घुमटाकडे पाहता पाहता डोळे भरून आले. रडण्यासारखं काही नव्हतं. फक्त मन कुकरपाशी अडकलेलं नव्हतं, एवढंच.

दारात उभे राहून देवदत्तकाका मुंडकी मोजत होते. एक कमी आलं. पुन्हा मोजलं, तरी एक कमी. मग त्यांना कळलं की कमी असलेलं मुंडकं घरचंच आहे. बस खोळंबली. काकू आल्या त्या सावकाश, कुणाची माफी न मागता.

निझ्वाच्या किल्ल्यात तेच झालं. तिथला बुरूज म्हणजे नुसता गोल डोंगर. काका मंडळींना वर चढवून, फोटो काढून खाली घेऊन आले, आणि काकू जिन्यातल्या एका भोकापाशी सापडल्या. त्यातून खालच्या शत्रूवर गरम खजुराचा पाक ओतायचे, असं सालिमनं सांगितलं होतं. "पाक कितपत घट्ट लागत असेल?" असं त्या त्याला विचारत होत्या. बाजारात त्यांनी मिठाईच्या दुकानात बसून तूप, केशर आणि गुलाबपाण्याचा वास येणारा हलवा चमच्यानं खाल्ला. चंद्रशेखरकाकांनीही चाखला, "मेडिकल कारणासाठी, फक्त टेस्ट," असं म्हणत, पुन्हा पुन्हा. तीन दिवस नवरा-बायकोत एक शब्द नव्हता, आणि तरीही काकू इतक्या खुशीत होत्या की त्याचीच त्यांना मधूनमधून लाज वाटायची.

मग मिस्फा आलं. डोंगराच्या उतारावर चिकटलेलं जुनं दगडमातीचं गाव. घरांच्या मधून पायऱ्या उतरत जातात, खाली खजुरांची बाग, आणि बागेतून वाहणारा पाट. तिथे त्याला फलज म्हणतात. डोंगरातलं पाणी खोदलेल्या चरांतून शेतोशेती फिरतं आणि कुणाच्या बागेत किती वेळ जायचं ते गावानं पिढ्यान्‌पिढ्या ठरवलेलं असतं. मंडळी पुढे गेली. काकू पाटाच्या कडेला पाय सोडून बसल्या.

वरच्या ओट्यावरून एक म्हातारी पाहत होती. फुलाफुलांचा पायघोळ झगा, डोक्यावर तसलीच रंगीत ओढणी. तिनं हातानं बोलावलं. "आओ. बैठो." तिचा नवरा कधीकाळी मस्कतला भारतीय व्यापाऱ्यांकडे कामाला होता, तिथून एवढे शब्द घरात आले होते. तिनं आपलं नाव सांगितलं, मौज़ा. मग खजुरांची थाळी पुढे सरकवली आणि पितळेच्या चोचदार किटलीतून बिनकानाच्या इवल्याशा कपात कॉफी ओतली. फिकट, कडवट, वेलदोड्याचा घमघमाट असलेली.

काकूंनी कप संपवला. यजमानाकडे कपात काही टाकू नये, हे मिरजेचं वळण. मौज़ानं लगेच भरला. काकूंनी तोही संपवला. पुन्हा भरला. "बस, बस," काकू हसून म्हणाल्या. मौज़ाही हसली आणि तिनं आणखी ओतली. काकूंना मौज वाटायला लागली. आयुष्यभर त्यांनी लोकांना आग्रह केला होता. "अजून एक घ्या, अर्धी तरी घ्या," म्हणत पानात लाडू टाकले होते. आज कुणीतरी त्यांना समोर बसवून वाढत होतं, आणि त्यांना उठून गॅस बंद करायचा नव्हता.

तेवढ्यात पायऱ्यांवरून धापा टाकत देवदत्तकाका आले. "इथे आहेस होय! वर बस उभी आहे, एक मुंडकं कमी..." रागाच्या भरात उत्तराची मध्यस्थी विसरून ते थेट बोलून गेले होते. ते लक्षात येऊन थांबले, तर मौज़ानं चटईवर थाप मारली, "बैठो." या वयाच्या बाईपुढे नाही म्हणणं काकांना जमण्यासारखं नव्हतं. गुडघे मोडत ते बसले. त्यांच्याही हातात कप आला. त्यांनी घाईनं घशात ओतला आणि उठायला गेले, तर कप भरलेला.

"नो, नो, इनफ. शुक्रन. बस." कप पुन्हा भरला.

"मी कधीपासून हेच म्हणतेय," काकू म्हणाल्या. "मला वाटतं, ही आपल्याला आता सोडत नाही."

काका आधी वैतागले, मग त्यांना हसू फुटलं. तीन दिवसांचं कोंडलेलं हसू, त्यामुळे जरा मोठ्यानंच आलं. मौज़ाला काही कळलं नाही, पण तीही हसली. खालून पाटाचा आवाज येत होता.

"त्या दिवशी मशिदीत," काकांनी विचारलं, "एवढं काय बघत होतीस?"

काकूंनी सांगितलं. पाकळी, लालाच्या छटा, गाठी, चार वर्षं बसलेल्या बायका. काका ऐकत राहिले. मग कपाकडे बघत म्हणाले, "मला फक्त गालिचा होता एवढं आठवतंय. मी दारात उभा होतो ना मोजत."

"पण तुम्ही फोटो काढलेत की."

"फोटो काढले. अथेन्सचे, कैरोचे, सगळीकडचे काढले. खरं सांगू? मी ते सगळं घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिलंय. तिथे मान वर करून बघत राहिलो असतो तर कुणीतरी हरवलं असतं."

काकू त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की हा माणूस जग पाहतोय आणि आपण त्याच्यामागे भांडी घासतोय. राग तिथल्या तिथे विरघळला आणि त्याजागी अशी काही माया दाटून आली की त्यांनी मौज़ाची पर्वा न करता नवऱ्याच्या हातावर हात ठेवला.

"मग एवढे का रागावलात माझ्यावर?"

"घाबरलो," काका म्हणाले. "रिटायर माणूस मी. बॅग नसली तर माझ्याबरोबर येणार कोण?"

"मी येईन ना. मला कुठे चिवडा लागतो?"

वरून हॉर्न वाजला. मग चंद्रशेखरकाकांची हाक आली. पाठोपाठ सालिम पायऱ्या उतरत आला आणि दोघांचे भरलेले कप, घामेजलेले चेहरे पाहून त्याच्या ध्यानात सगळा प्रकार आला. "अरे अंकल, आपको किसी ने बताया नहीं? मुँह से बोलने से नहीं रुकेंगी. कप ऐसे हिलाना पड़ता है." त्यानं बोटांत धरलेला रिकामा कप दोनदा डावी-उजवीकडे हलवून दाखवला. "मतलब, बस, पेट भर गया."

काकांनी आपला कप संपवला. मौज़ा किटली उचलून थांबली. तिनंही ऐकलं होतं, आणि आता पाहुणा काय करतो ते ती पाहत होती. वर पुन्हा हॉर्न वाजला.

"सालिम," देवदत्तकाका म्हणाले, "ऊपर उत्तराताई को बोलो, आज गिनती वो कर लें."

आणि कप जराही न हलवता त्यांनी तो मौज़ापुढे धरला.